चिंगत्येनच्या भातखाचरातले मासे: तिथल्या शेतकऱ्यांनी ही रीत टिकवली कशी, आणि खानापूर भागात जमेल का?

जांबोटी_खाचर

चीनच्या झेजियांग प्रांतात चिंगत्येन नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथं भाताच्या खाचरात मासे पाळायची रीत हजार-बाराशे वर्षं चालत आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २००५ साली जागतिक कृषी वारशासाठी जी पहिली ठिकाणं निवडली, त्यांत ही रीत होती. इथपर्यंतची माहिती सगळीकडे मिळते. शेतात उतरायला लागणारी माहिती मात्र मिळत नाही, म्हणून इथं विचारतो.

ही शेती आज तिथली साधी घरं खरोखर करतात, की पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरली आहे? करत असतील तर तरुण पोरं बाहेर गेल्यावर ती चालते कशी? बांध, चर, खड्डा यांची मापं काय? आपल्याकडं कुठला मासा, किती आणि केव्हा सोडायचा? औषध फवारणीचं काय करायचं?

शेत असं आहे: जांबोटीच्या (खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव) पश्चिमेला एकरभर, उतरती चार खाचरं, प्रत्येक साधारण दहा गुंठ्यांचं. वर झरा आहे, तो पौषापर्यंत वाहतो. माती जांभ्याची. दोन खाचरांत रोप लावण, दोन खाचरांत धूळवाफ पेरणी, म्हणजे चिखलणी न करता कोरड्यात. खाली लगेच दुसऱ्याचं शिवार लागतं.

---

नंदगड_शिवार

अण्णा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बांधाचं आणि माशांचं जाणकार सांगतीलच.

ती शेती खरी आहे, पण पूर्वीच्या रूपात नाही. चिंगत्येनबद्दल तिथले लोक म्हणतात की नऊ हिस्से डोंगर, अर्धा हिस्सा पाणी आणि अर्धा हिस्सा शेत. शेत थोडं असल्यामुळं एकाच पाण्यातून भात आणि मासळी दोन्ही काढणं ही गरज होती. १३९१ सालच्या तिथल्या स्थानिक नोंदींत लाल, काळे आणि ठिपक्यांचे मासे भातशेतात आणि डबक्यांत पाळतात असा उल्लेख आहे. मासा म्हणजे कॉमन कार्पचाच स्थानिक वाण, आपल्याकडचे मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात तो. त्याचे खवले इतके मऊ असतात की ते न काढताच शिजवतात.

शेत थोडं असल्यामुळंच तिथली माणसं बाहेरही पडली. स्पेन आणि इटलीत चिंगत्येनच्या लोकांची मोठी वस्ती आहे. लोंगश्येन हे या शेतीचं मुख्य गाव, आणि तिथलीही बरीचशी घरं परदेशी गेली. उतारावरची लांबची खाचरं पडीक पडायला लागली, गावात म्हातारी माणसं राहिली. हे चित्र खानापूर तालुक्याला नवं नाही. गोव्याला आणि बेळगावच्या कारखान्यांत पोरं गेली की वरची खाचरं आधी ओस पडतात.

तरीही ही रीत तीन गोष्टींनी तगली. एक म्हणजे मासा घराशी बांधलेला आहे. दारापुढं किंवा घरामागं झऱ्याच्या पाण्याचं लहान टाकं असतं, त्यात हिवाळाभर मासे ठेवतात, गवत आणि कोंडा घालतात. खाचर एखाद्या वर्षी पडलं तरी बियाणं घरात शिल्लक राहतं. मुलीच्या लग्नात माहेरहून माशांची पिल्लं द्यायची चाल त्या भागात आहे, त्यामुळं चांगल्या घराचा वाण गावोगाव पसरत गेला. दुसरी गोष्ट, ज्यांना कसणं जमत नाही ते खाचर शेजाऱ्याला किंवा सहकारी गटाला कसायला देतात. पाच-सहा घरांची सलग खाचरं एका हाती आली की पाणी सांभाळायला एक माणूस पुरतो. तिसरी म्हणजे भाव. माशांच्या खाचरातला तांदूळ वेगळा विकला जातो आणि वाळवलेला मासा परदेशातल्या नातेवाइकांपर्यंत जातो.

तिथल्या सरकारचा हात आहेच. २०२२ च्या जुलैत कृषी वारशाची आंतरराष्ट्रीय परिषद चिंगत्येनलाच भरली होती. पण माझ्या मते नुसत्या परिषदेनं खाचर राखलं जात नाही. सकाळी बांधावरून फिरणारा माणूस असेल तिथंच हे टिकलं आहे.

एक फरक ध्यानात ठेवा. चीनमध्ये आज भातशेतात जे मोठ्या प्रमाणावर चालतं ते झिंग्यासारख्या क्रेफिशचं, रुंद चर खणून, सपाटीवर. तो धंदा वेगळा. त्यात चर इतके वाढत गेले की भाताची जागा कमी व्हायला लागली, म्हणून तिथल्या नियमानं चर आणि खड्डे मिळून शेताच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायचे ठरलं. व्हिडिओत दिसणारे मोठे चर बघून आपल्या खाचरात खणू नका.

---

मलप्रभा_काठ

मापं देतो. पण खणण्याआधी माती पाण्याला धरते का ते तपासा. जांभ्याच्या जमिनीत इथंच गाडी अडते.

चिखलणी झाल्यावर एका खाचरात ८-१० सेंमी पाणी भरा, येणारी आणि जाणारी दोन्ही मोरी बंद करा, खुंटी ठोकून खूण करा आणि उघडीप असलेल्या दिवशी चोवीस तासांनी बघा. एक सेंमीच्या आसपास उतरलं तर उत्तम. दोन-तीन सेंमी उतरलं तर झरा सतत चालू ठेवावा लागेल. त्याहून जास्त उतरत असेल तर त्या खाचरात या वर्षी मासे नकोत. तिथं शेणखत घालून दोनदा उभी-आडवी चिखलणी करा आणि बांधाच्या आतल्या अंगाला चिखलाचा लेप द्या, मग पुढच्या हंगामात परत तपासा. बहुतेक गळती तळातून नसते, खेकड्यांच्या आणि उंदरांच्या बिळांतून असते.

आता दहा गुंठ्यांचं, म्हणजे साधारण ४० बाय २५ मीटरचं खाचर धरू. सपाट खाचर असेल तर बांधापासून एक मीटर आत सोडून चारी बाजूंनी चर घ्या. रुंदी ५० सेंमी, खोली ४० सेंमी. लांबी १२० मीटरच्या आसपास येते, म्हणजे ६० चौरस मीटर जागा. पाणी येतं त्या कोपऱ्यात ४ बाय ३ मीटरचा आणि मीटरभर खोल खड्डा. दोन्ही मिळून ७२ चौरस मीटर, सात टक्के. चरातून सुमारे २४ घनमीटर माती निघते आणि ती सगळी बांधावर जाते. १३० मीटर बांधाला ती पसरली की दाबल्यावर उंची सहज ३० सेंमी वाढते. बांधाची तयार उंची ५० सेंमी आणि माथा ४० सेंमी रुंद असावा. माती एकदम टाकायची नाही. १५ सेंमीचा थर, त्यावर तुडवणी, मग पुढचा थर.

तुमची खाचरं उतरती आहेत, म्हणून वरचा आराखडा जसाच्या तसा घेऊ नका. उताराकडच्या बांधाच्या आत चर खणला तर मुसळधार पावसात बांधाचा पाया भिजतो आणि बांध खालच्या खाचरात बसतो. उतरत्या खाचरात चर फक्त डोंगराकडच्या बाजूला घ्यायचा, खड्डाही तिथंच, आणि तिथून मधोमध एक आडवा चर खाचरात न्यायचा. जागा कमी व्यापते, मासे थोडे कमी बसतात, पण बांध राहतो. चिंगत्येनच्या जुन्या अरुंद पायऱ्यांच्या खाचरांत बऱ्याच ठिकाणी चर नसतोच. तिथं उंच बांध आणि जास्त पाणी यांवरच भागवतात.

चरात गेलेल्या भाताची भरपाई चिनी शेतकरी चराच्या कडेला दाट लावण करून काढतात. आत २५ बाय २० सेंमीवर रोप असेल तर कडेच्या दोन ओळींत रोपातलं अंतर १२-१५ सेंमी. कडेला ऊन आणि वारा जास्त लागत असल्यानं तिथली रोपं फुटवेही जास्त देतात. बांधावर ते सोयाबीन लावतात. आपल्याकडं तूर किंवा पावटा लावा, मुळांनी माती धरली जाते.

मोरीला जाळी बांबूचीच बरी, बुरुडाकडून विणून घ्या. कामट्यांमधली फट माशाच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा कमी हवी. १० सेंमीच्या पिल्लाला एक सेंमी फट जास्त होते, अर्धा ते पाऊण ठेवा. जाळी सरळ उभी न ठेवता कमानीसारखी वाकवून लावायची आणि फुगीर बाजू पाणी येतं त्या दिशेला ठेवायची. कमान दाब सोसते, आणि पाणी जायला जागाही जास्त मिळते. खाली २० सेंमी चिखलात पुरा, वर बांधाच्या माथ्यापेक्षा वीतभर जास्त. नायलॉनची जाळी लावलीत तर खेकडे ती कुरतडतात आणि पुढं मासे गेलेलेही कळत नाहीत.

---

हलशी_भात

मासा, आकडे आणि औषध यांबद्दल.

मासा सायप्रिनसच घ्या. उथळ, गढूळ आणि तापणाऱ्या पाण्यात तो टिकतो, चिखल उकरून अळ्या आणि किडे खातो. १९५७ साली बँकॉकहून आणलेला वाण देशभर पसरला आहे, त्यामुळं बोटुकली (बोटभर पिल्लं) मिळायला अडचण नसते. जून लागताच मत्स्य खात्याच्या कार्यालयात मागणी नोंदवा, उशीर केला तर उरलेली बारीक पिल्लं पदरात पडतात. रोहू आणि कटला उथळ खाचरात नीट वाढत नाहीत, त्यांना खोल पाणी लागतं. गवत्या (ग्रास कार्प) तर भाताचं कोवळं रोपच खाईल. थाई मांगूर कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि तुमच्या खाचरातून निसटलेला मासा थेट मलप्रभेच्या किंवा म्हादईच्या ओढ्यात जाणार.

एकरी १००० ते १२०० बोटुकली, म्हणजे गुंठ्याला २५ ते ३०. अरुणाचलात झिरो खोऱ्यात आपातानी लोक हीच शेती करतात, तिथलं प्रमाणही जवळपास असंच असतं. जास्त सोडले तर मासे बारीक राहतात आणि चिखल इतका ढवळतात की रोपं उपटली जातात.

आपल्याकडची खरी अडचण दिवसांची आहे. रोप लावण आर्द्रा-पुनर्वसूत, मासे सोडायचे लावणीनंतर १२-१५ दिवसांनी, मुळं धरल्यावर. भात निसवून पिवळं पडायला लागलं की पाणी काढायचं. इंद्रायणीसारख्या वाणाला माशांना मिळतात फार तर ८० दिवस. इंटाणसारखं गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात असेल तर शंभरपर्यंत जातात, म्हणून तुमच्या दोन खाचरांत इंटाण धरा. एवढ्या दिवसांत बोटभर पिल्लाचं ताटात घालण्याजोगं काही होत नाही. चिनी घरं जी पिल्लं हिवाळाभर टाक्यात ठेवतात त्याचं व्यवहारातलं कारण हेच. पुढच्या हंगामात ती हाताएवढी होऊन खाचरात जातात. पहिल्या वर्षी तुम्ही निदान १० सेंमीची, १५-२० ग्रॅमची बोटुकली मागा, आणि शेवटी जे लहान निघतील ते विकू नका, पुढच्या पावसापर्यंत पाणी टिकेल अशा टाक्यात पुढच्या वर्षासाठी ठेवा.

सोडायची पद्धत: पिशवी खड्ड्याच्या पाण्यात १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, मग थोडं थोडं खाचरातलं पाणी पिशवीत घ्या. सोडण्याआधी लिटरला २०-३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, अंगावरच्या उवा आणि बुरशी जातात. मासा आडवा व्हायला लागला तर वेळ पूर्ण व्हायची वाट न बघता काढा. संध्याकाळी सोडा.

पाणी सुरुवातीला ५-६ सेंमी, फुटवे झाल्यावर १०-१२, पुढं १५ पर्यंत. कोंडा आणि शेंगदाणा पेंड समभाग, रोज माशांच्या एकूण वजनाच्या दोन टक्के. हजार पिल्लं वीस ग्रॅमची म्हणजे २० किलो, तर दिवसाला ४०० ग्रॅम. शेवटी सहाशे मासे दीडशे ग्रॅमचे उरले तर ९० किलो, तेव्हा १८०० ग्रॅम. खड्ड्यात एकाच जागी, एकाच वेळी घाला. अर्ध्या तासात संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी कमी करा. काहीच न घालता एकरी ४० ते ८० किलो मासा निघाला तरी तो हंगाम चांगलाच म्हणायचा. यापेक्षा मोठी स्वप्नं दाखवणाऱ्याचं ऐकू नका.

आता औषध. झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली चिंगत्येन भागातला अभ्यास प्रसिद्ध केला. माशांच्या खाचरात भाताचं उत्पन्न तेवढंच राहून कीटकनाशक ६८ टक्के आणि रासायनिक खत २४ टक्के कमी लागलं. कारण साधं आहे. मासा खोडाला धडकतो, तुडतुडे पाण्यात पडतात, तो ते खातो. कोवळं तण आणि त्याचं बी उकरतो. विष्ठेतून नत्र मिळतं. पण खोडकिड्याची अळी खोडाच्या आत असते आणि गादमाशीची कोंबात, त्यांना मासा काही करू शकत नाही. तिथं प्रतिकारक वाण, आणि रोपवाटिकेत पातीच्या टोकावरचे अंडीपुंज खुडून टाकणं, हेच उपाय.

क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रीन यांतलं काहीही माशांच्या खाचरात चालत नाही, अगदी थोड्या मात्रेतही नाही. ब्यूटाक्लोरही माशांना घातक आहे. तणनाशक मारायचंच असेल तर मासे सोडण्याच्या बरंच आधी, आणि नंतर पाणी पूर्ण बदलून. करप्यासाठी ट्रायसायक्लाझोल त्या मानानं कमी धोक्याचं, तरी पाणी वाढवून, दव वाळल्यावर, पानावरच बसेल अशा बारीक फवाऱ्यानं, आणि एका दिवशी अर्धंच खाचर. युरिया एका वेळी एकरी १५-२० किलोच्या वर नको. पाणी हळूहळू कमी करा, मासे चरात उतरले की युरिया टाका, दोन दिवसांनी पाणी परत भरा. सकाळी मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर खाद्य बंद करा आणि झऱ्याचं पाणी सोडा.

---

जांबोटी_खाचर

सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं कुठंच मिळालं नव्हतं. दोन गोष्टी अजून विचारतो. धूळवाफेच्या खाचरात मासे सोडता येतील का? आणि माझ्या वरच्या अंगाला एकाचं खाचर आहे, त्याचं पाणी माझ्या खाचरातून खाली जातं. त्यानं फवारलं तर माझे मासे मेलेच ना?

---

हलशी_भात

धूळवाफेत चालतं, पण उगवण झाल्यावर ३५-४० दिवस थांबा. भात ओळीत पेरलेलं हवं. फोकून टाकलेल्या दाट भातात मासा फिरूच शकत नाही, तो चरातच बसून राहतो. शिवाय धूळवाफेत चिखलणी नसते, त्यामुळं जांभ्यात पाणी झिरपण्याचं प्रमाण जास्त. तुमच्या चारांपैकी रोप लावणीचीच दोन खाचरं पहिल्या वर्षी घ्या.

---

कणकुंबी_ओढा

वरच्या शेजाऱ्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो खणण्याआधीच सोडवायचा असतो.

युन्नान प्रांतातल्या हानी लोकांची व्यवस्था इथं बघण्यासारखी आहे. त्यांची डोंगरउतारावरची भातखाचरं २०१३ साली जागतिक वारशात आली. तिथं माथ्यावर जंगल राखतात, त्याखाली गाव, त्याखाली खाचरं, आणि जंगलातलं पाणी पाटांनी गावातून खाचरांत येतं. पाट फुटतो तिथं लाकडाची किंवा दगडाची पट्टी आडवी बसवतात आणि तिला खाचा पाडलेल्या असतात. ज्याच्या वाट्याला जेवढं शेत, तेवढी त्याच्या खाचेची रुंदी. पाटाची देखभाल करायला गाव एक माणूस नेमतं, त्याला मोबदला धान्यात मिळतो. हल्ली तिथले तरुणही शहरात कामाला जातात, पण पाटाची साफसफाई थांबली तर खालची सगळी खाचरं सुकतात, म्हणून ही जबाबदारी घरागणिक वाटलेली राहते.

तुमच्याकडं एकच शेजारी आहे, त्यामुळं मोठी व्यवस्था लागणार नाही. पण पाणी खाचरातून खाचरात जाऊ न देता डोंगराकडच्या कडेनं स्वतंत्र पाट काढा. ३० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल पुरतो. वरच्याचं पाणी त्या पाटातून सरळ खाली जाईल, आणि तुम्ही पाटातून मोरीनं हवं तेव्हाच घ्याल. पाणी वाटायची पट्टी सागाची किंवा जांभ्याच्या चिऱ्याची बसवा. एकूण रुंदीचे वाटे क्षेत्राप्रमाणं पाडा: त्याचं वीस गुंठे आणि तुमचं चाळीस असेल तर ४५ सेंमीच्या पट्टीत १५ आणि ३० सेंमीच्या दोन खाचा. दोन्ही खाचांचा तळ पाणसळीनं एका पातळीत हवा. एक खाच जरा खाली गेली तर रुंदीला अर्थ राहत नाही, कमी पाण्यात सगळं तिथूनच जातं.

फवारणीबद्दल लेखी काही नको, फक्त आदल्या दिवशी निरोप द्यायचं ठरवून घ्या. निरोप आला की पाटाची मोरी बंद, आणि पुढचे सात-आठ दिवस फक्त झऱ्याचं पाणी. खालच्या शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. तुमचे मासे त्याच्याकडं गेले तर ते त्याचे, असं आधीच मान्य केलेलं बरं, नंतर भांडण नको.

---

गुंजी_रानवाट

यात बदकं घालायची असतील तर ग्वेइचौ प्रांतातल्या त्सोंगच्यांगचे दोंग लोक तेही करतात. भात, मासा आणि बदक एकाच खाचरात. त्या पद्धतीलाही २०११ मध्ये कृषी वारशाचा दर्जा मिळाला. क्रम चुकला तर मात्र बदक मासेच खातं. मासे निदान ५ सेंमीचे झाल्यावरच बदकं आत, आणि भात निसवायला लागलं की बदकं बाहेर, नाहीतर लोंबीवर ताव मारतात. त्यांची बदकं अंगानं लहान असतात म्हणून ओळींतून सरकतात. आपल्याकडच्या मोठ्या बदकांनी रोपं आडवी होतील. पहिल्या वर्षी बदकांच्या वाटेला जाऊ नका.

बगळे आणि पाणकावळे मात्र हटकून येतात. पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे, तेव्हा भात उंच नसतं आणि पाणी उघडं दिसतं. खड्ड्यावर बांबूचा मांडव घालून त्यावर दोडका किंवा काकडीचा वेल चढवा. चीनमध्येही खड्ड्यावर वेलींचे मांडव घालतात, ऊनही अडतं. आणि मृगाच्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून वर येतात तेव्हा मरळही येतो. तो खाचरात शिरला तर बोटुकली एक उरणार नाही. खालच्या मोरीची जाळी मासे सोडण्याच्या दिवशी नाही, मृगातच लावा. विरोळ्यांची फार काळजी नको, ते फार तर दोन-चार मासे नेतात.

---

शहापूर_रांधणी

मासे निघाल्यावरचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते.

कापणीच्या १२-१५ दिवस आधी पाणी काढायला घ्या, पण दोन-तीन दिवसांत, हळूहळू. एकदम सोडलं तर मासे भाताच्या बुंध्यांत अडकतात आणि तिथंच मरतात. पहाटे हातजाळीनं खड्ड्यातून धरा. धरलेले मासे एक दिवस वाहत्या स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवा, चिखलाचा वास जातो. हंगाम दसऱ्याच्या पुढं येतो ही चांगली गोष्ट. श्रावण, गणपती, नवरात्र सरलेलं असतं, गिऱ्हाईक जिवंत माशाची वाट बघत असतं.

विकून उरलेले वाळवा. चिंगत्येनमध्ये हा मासा मंद आचेवर धूर देऊन वाळवतात आणि तांदळाच्या शेवयांबरोबर परततात. आपल्या घरात करायचं तर पोट साफ करून पाठीकडून चिरा, काटा तसाच ठेवून उघडा करा. लिटरला १०० ग्रॅम मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. निथळून, माश्या बसणार नाहीत अशा जागी पृष्ठभाग कोरडा होऊ द्या, दोन तास. ओला मासा धुरात घातला तर काजळी चिकटते आणि कडू होतो. मग आधी जास्त आच देऊन आतपर्यंत शिजवा, काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटं झालं पाहिजे. त्यानंतर भाताच्या तुसाचा मंद धूर, तीन-चार तास. राळ असलेलं लाकूड किंवा रंगाच्या फळ्यांचे तुकडे घालू नका. असा मासा फार दिवस राहत नाही. जास्त ठेवायचा तर परत उन्हात कडक करावा लागतो.

दोंग लोक मीठ, शिजवलेला चिकट तांदूळ, मिरची, आलं आणि आपल्या तिरफळाच्याच जातीतलं एक फळ घालून मासा लाकडी पिंपात दगडाखाली महिनोन्‌महिने आंबवतात. मोठ्या पाहुण्याला आणि घरातल्या महत्त्वाच्या कार्यात तो वाढतात. चव मोठी असते असं म्हणतात, पण गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाल्ल्यानं यकृतातल्या कृमींचा आजार दक्षिण चीनमध्ये आजही आढळतो. आंबवलेला असला तरी शिजवूनच खावा. पोराबाळांना कच्चा देऊ नये.

---

जांबोटी_खाचर

ताई, धुराची रीत नक्की करून बघतो. मलप्रभा_काठ, शेवटचं एकच विचारतो: आमच्याकडं आषाढात जो पाऊस पडतो त्यात मोरीवरून पाणी उलटलं तर काय? सांडवा केवढा ठेवायचा?

---

मलप्रभा_काठ

हिशेब करून देतो. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा. दहा गुंठ्यांवर पडतात ५० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लिटर. वरून खाली पाणी उतरत असेल तर सगळ्यात खालच्या खाचराच्या सांडव्यावर चारी खाचरांचं मिळून ५६ लिटर येतं.

मीटरभर रुंद सपाट सांडव्यावरून ५ सेंमी जाडीनं पाणी गेलं तर सेकंदाला साधारण १९ लिटर जातं, १० सेंमी जाडीनं ५४ लिटर. म्हणजे वरच्या खाचराला पाऊण मीटर आणि खालच्याला एक मीटर हिशेबात पुरतं. पण जाळीत पाला अडकला की अर्धी वाट बंद होते, म्हणून दोन्ही ठिकाणी दुप्पट धरा: वर दीड मीटर, खाली दोन मीटर, मधल्या दोन खाचरांना त्यामधलं माप. सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा २० सेंमी खाली. तळाला आणि पडणाऱ्या बाजूला चिरे बसवा, नुसती माती एका पावसात कापली जाते. जाळीच्या पुढं हातभर अंतरावर बांबूच्या उभ्या काठ्या चार-चार बोटांवर रोवा, पाला तिथंच अडतो आणि जाळी मोकळी राहते.

कणकुंबीवाल्यांनी सांगितलेला कडेचा पाट काढलात तर डोंगराचं पाणी खाचरात येणारच नाही आणि वरचे आकडे पुरून उरतील. पाट नसेल तर डोंगराचं किती येतं ते मोजल्याशिवाय सांडवा ठरवू नका. पुनर्वसूचा जोर असेल त्या रात्री बॅटरी आणि फावडं घेऊन दोन फेऱ्या माराव्याच लागतात. पहिली फेरी जेवणानंतर, फक्त पाला काढायला. दुसरी पहाटे, बांधाच्या बाहेरच्या अंगाला कुठं गढूळ पाणी पाझरतंय का ते बघायला. स्वच्छ पाझर असेल तर सकाळपर्यंत थांबलं तरी चालतं. गढूळ असेल तर आतून माती वाहून चालली आहे. तेव्हा आतल्या बाजूनं बीळ शोधा, पेंढा आणि चिखल एकत्र तुडवून त्यात ठासा आणि वर दगड ठेवा. बाहेरून बुजवलं तर पाणी दुसरीकडून वाट काढतं.